तज्ज्ञ येतो तो मरणानंतर

विवाहिता जळून, विष पोटात जाऊन किंवा गळफासाने गेली की आपली न्यायव्यवस्था शास्त्राला हाक मारते. शवविच्छेदन होते, व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे जातो, पंचनाम्यात स्टोव्ह, काडेपेटी आणि रॉकेलचा वास नोंदला जातो, आणि यथावकाश सत्र न्यायालयात डॉक्टर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. हीच बाई जिवंत असताना वर्षानुवर्षांचा मार अंगावर घेऊन पोलीस ठाण्यात आली, तर तिच्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून बहुधा कुणीच येत नाही. फार तर सरकारी दवाखान्यातला एमएलसीचा, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक नोंदीचा, एक कागद असतो आणि त्यावर ‘साधी दुखापत’ एवढेच लिहिलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. या स्त्रियांपैकी फार थोड्या मरतात. बाकीच्या जगतात, आणि कोर्टात त्यांच्या बाजूने किंवा त्यांच्या विरुद्ध जे शास्त्र बोलायला हवे, ते गप्प असते.

ही सवय नव्या कायद्यानेही मोडलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाण्याची सक्ती आहे, पण ती सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, आणि तीही राज्यांनी पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लागू करायची. हुंडाबळीला किमान सात वर्षे शिक्षा आहे, म्हणून तिथे पथक येईल. विवाहितेच्या छळाचे जुने कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ झाले. त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे. तिथे पथक येण्याची सक्ती नाही.

हा आढावा दोन प्रश्नांचा आहे आणि ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. पहिला: घरातल्या हिंसेच्या खटल्यात तज्ज्ञाने काय सांगावे? दुसरा: तो जे सांगेल त्याला उत्तर देण्याची, ते खोडून काढण्याची किंवा आपला तज्ज्ञ आणण्याची संधी समोरच्याला मिळते का? समोरचा म्हणजे कधी आरोपी नवरा, कधी सासू, आणि कधी सहन न होऊन नवऱ्याचा जीव घेणारी बायको. निष्पक्ष सुनावणीचा हक्क घटनेच्या कलम २१ मधून येतो, आणि तो या तिघांनाही सारखाच आहे. स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला हवे, कारण उद्या त्याच हक्काची गरज आपल्याच बाजूच्या बाईला लागते.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. साक्षीदाराने पाहिलेले-ऐकलेले सांगायचे, मत द्यायचे नाही, हा नियम; तज्ज्ञ हा त्याला अपवाद. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या मदन गोपाळ कक्कड प्रकरणात स्पष्ट केले की वैद्यकीय तज्ज्ञाचे मत हे सल्ल्यासारखे असते. न्यायाधीश त्याला बांधील नाही. १९९९ च्या जय लाल प्रकरणात आणखी पुढे जाऊन सांगितले की तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही, ज्या शास्त्रीय कसोट्यांवरून तो निष्कर्ष काढला त्या कसोट्या न्यायालयापुढे ठेवायला हव्यात, म्हणजे न्यायाधीशाला स्वतः पडताळून पाहता येईल. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे सत्र न्यायालयातील डॉक्टरांचा सरतपास म्हणजे शवविच्छेदन अहवालाचे वाचन असते, आणि उलटतपास दोन-तीन ठरलेल्या प्रश्नांत संपतो: ही जखम पडल्याने होऊ शकते का? होऊ शकते. अपघाताने भाजू शकते का? भाजू शकते.

तज्ज्ञ नसताना न्यायालय काय करते हे पाहायचे तर पुण्याच्या सारडा खटल्याकडे जावे लागते. जून १९८२ मध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले असताना, मंजुश्री सारडा पोटॅशियम सायनाइडने मरण पावली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मराठी स्त्री-चळवळीत हे नाव खोल रुतलेले आहे. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात पुण्यात नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले.

या निकालाने दिलेली परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे आज प्रत्येक बचावाच्या वकिलाला पाठ असतात. प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध हवा. सगळे दुवे मिळून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा अर्थ निघता कामा नये. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषाने मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी या चारही गोष्टी दाखवाव्या लागतात, असेही तिथे ठरले. विष नवऱ्याजवळ होते हे सिद्ध झाले नव्हते. शिवाय जी परिस्थिती आरोपीच्या जबाबाच्या वेळी त्याच्यापुढे ठेवून खुलासा मागितलेला नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, हेही न्यायालयाने ठणकावले. या तत्त्वांना माझा विरोध नाही. ती टिकली पाहिजेत.

माझे म्हणणे निकालाच्या दुसऱ्या भागाबद्दल आहे. खून की आत्महत्या, हा वाद मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांवर येऊन थांबला. त्या पत्रांतल्या मनाचा थांग लावायचा होता. सासरी आल्यावर चार महिन्यांत उदास, एकटी, उपेक्षित झालेली मुलगी जीव देईल का, हा शुद्ध मानसशास्त्रीय प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यायला मानसोपचारतज्ज्ञाला न्यायालयाने समोर बसवले नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी आत्महत्येविषयीच्या ग्रंथांतले उतारे निकालपत्रात घेतले आणि ते मंजुश्रीला लागू पडतात असे मत नोंदवले. ग्रंथाचा उलटतपास घेता येत नाही. हे संशोधन कुणावर झाले, कुठल्या समाजात झाले, सासरी मार खाणाऱ्या भारतीय मुलीला ते लागू होते का, हे विचारायला समोर माणूस हवा होता. या वेळी ग्रंथांचा फायदा आरोपीला मिळाला. पुढच्या वेळी फिर्यादी पक्षाला मिळेल. ज्याचे नुकसान होईल त्याला विचारायची सोय नसेल.

तज्ज्ञ नीट बोलला तर काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. त्रिमुख मारोती किरकन प्रकरणात सासरच्यांनी सांगितले होते की सून साप चावून मेली. शवविच्छेदनात गळा आवळल्याचे दिसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम करताना म्हटले की घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडतो तेव्हा बाहेरचा साक्षीदार मिळत नाही. अशा वेळी घरात असलेल्यांनी काय घडले याचा खुलासा द्यायला हवा, आणि खोटा खुलासा हा साखळीतला आणखी एक दुवा ठरतो. हे पुरावा कायद्याच्या कलम १०६ चे तत्त्व, नव्या कायद्यात कलम १०९. ग्रामीण महाराष्ट्रात ‘साप चावला’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘विहिरीत पाय घसरला’ ही वाक्ये किती वेळा उच्चारली गेली असतील! त्यांना उत्तर देणारा पहिला माणूस हा तालुक्याच्या रुग्णालयात शवविच्छेदन करणारा डॉक्टर असतो. तो घाईत असेल, दबावाखाली असेल, किंवा मानेच्या आतल्या ऊती उघडून न पाहताच अहवाल लिहीत असेल, तर वरच्या न्यायालयातले मोठे तत्त्वज्ञान निरुपयोगी ठरते.

पण कलम १०६ हे सरकारी पक्षाच्या जबाबदारीला पर्याय नाही. सरकारी पक्षाने आधी आपला पाया रचायचा, मग आरोपीकडे खुलासा मागायचा, हा क्रम आहे. हुंडाबळीच्या खटल्यात तर कायदाच गृहीतक करायला सांगतो: लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू, आणि मृत्यूच्या थोडे आधी हुंड्यासाठी छळ, एवढे दिसले की हुंडाबळी मानायचा. अशा ठिकाणी आरोपीची सुनावणी अधिक काटेकोर व्हायला हवी. २०२१ च्या सतबीर सिंग निकालात सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या पीठाने खालच्या न्यायालयांना बजावले की आरोपीचा जबाब हा उपचार नाही. त्याच्याविरुद्धची प्रत्येक गोष्ट त्याला समजेल अशी विचारा आणि त्याला बचावाची संधी द्या. छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत दुवा हवा, हेही त्यात आहे.

जळीत प्रकरणांत तज्ज्ञाची भूमिका आणखी नाजूक होते, कारण तिथे प्रश्न असतो तो मरणाऱ्या बाईचे शब्द विश्वासार्ह आहेत का याचा. नागपूरच्या खुशाल राव प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की मृत्युपूर्व जबाब खरा वाटला तर एकट्या त्याच्यावर शिक्षा देता येते. मग वर्षानुवर्षे वाद चालला तो डॉक्टरच्या एका ओळीचा. ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ असे लिहिले पण ‘मानसिकदृष्ट्या जबाब देण्यास सक्षम आहे’ असे लिहिले नाही, म्हणून १९९९ मध्ये आंध्रमधल्या एका खटल्यात जबाब नाकारला गेला. २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य प्रकरणात घटनापीठाने ही कसोटी मोडीत काढली. जबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकाऱ्याला ती बाई भानावर आहे याची खात्री असेल, तर डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब फेकून द्यायचा नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. नव्वद टक्के भाजलेल्या बाईने रात्री दोन वाजता जे सांगितले, ते एका छापील वाक्याच्या अभावी नाहीसे होऊ नये.

तरीही यात आरोपीचे काही जाते, हे मान्य करायला हवे. मेलेल्या बाईचा उलटतपास होत नाही. म्हणून त्या जबाबाला प्रश्न विचारण्याची एकमेव जागा म्हणजे तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर: कोणती वेदनाशामक औषधे दिली होती, किती वाजता दिली होती, त्यांचा परिणाम किती वेळ राहतो, खाटेशेजारी कोण बसले होते. हे विचारले जात नाही तेव्हा दोष कायद्याचा नसतो, वकिलाचा असतो; आणि गरीब आरोपीचा वकील कोण असतो हे आपण जाणतो.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. तिथल्या घटनेच्या सहाव्या दुरुस्तीने आरोपीला साक्षीदाराच्या समोरासमोर येण्याचा हक्क दिला आहे. २००४ च्या क्रॉफर्ड निकालाने तो कडक केला. २००८ च्या जाइल्स खटल्यात मारल्या गेलेल्या मैत्रिणीने खुनाच्या तीन आठवडे आधी पोलिसांना सांगितलेली मारहाण पुराव्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तिला साक्ष देण्यापासून रोखायच्या हेतूनेच तिला मारले असे दिसत असेल तरच आरोपी हा हक्क गमावतो. आपल्याकडे असे निवेदन मृत्यूच्या कारणाशी जोडलेले असेल तर सरळ आत येते, ते करताना तिला मरण समोर दिसत असण्याचीही अट नाही. १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पकाला नारायण स्वामी प्रकरणात ते ठरवून टाकले आहे. एकाच हकिकतीला दोन देशांत दोन नशिबे. आपला नियम मेलेल्या बाईचा आवाज जपणारा आहे, आणि मी तो बदलू म्हणणार नाही. मात्र त्या बदल्यात उरलेल्या साक्षीदारांची, विशेषतः तज्ज्ञांची, तपासणी पूर्ण आणि खुली असायला हवी.

नेमकी तीच पातळ होत चालली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार काही सरकारी शास्त्रज्ञांचे अहवाल त्यांना न बोलावता पुराव्यात घेता येत. त्या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचाही समावेश होता. नव्या संहितेत ती तरतूद कलम ३२९ मध्ये आली. तिच्या सोबतीला कलम ३३६ आले. अहवाल लिहिणारा डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ बदलून गेला, निवृत्त झाला, मरण पावला, सापडत नाही किंवा त्याला आणायला उशीर होणार असेल, तर त्या पदावर आज असलेला अधिकारी येऊन त्या कागदावर साक्ष देईल. खटले रखडतात म्हणून हे केले, हे समजते. बदलीमागून बदली होणारे वैद्यकीय अधिकारी दहा वर्षांनी भंडाऱ्याहून सिंधुदुर्गात साक्षीला येतात, हेही खरे. पण ज्याने मृतदेह पाहिलाच नाही, त्याला मानेवरच्या खुणेबद्दल काय विचारणार? तो कागद वाचून दाखवील. ‘हा व्रण मृत्यूआधीचा की नंतरचा, हे तुम्ही कशावरून ठरवले?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर असू शकत नाही, कारण ठरवणारा दुसराच होता.

योगायोग असा की आपली संहिता लागू होण्याच्या बरोबर दहा दिवस आधी, २१ जून २०२४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ विरुद्ध ॲरिझोना प्रकरणात उलट दिशेचा निकाल दिला. तो खटला अमली पदार्थांचा होता, पण तत्त्व सगळीकडे लागते: गैरहजर विश्लेषकाने लिहिलेले खरे मानून त्यावर दुसरा तज्ज्ञ मत देत असेल, तर आरोपीला त्या मूळ विश्लेषकाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. कलम ३३६ ची घटनात्मक कसोटी कधीतरी लागेल. ती लागेल तेव्हा जळीत किंवा विषबाधेचा एखादा खटला समोर असण्याची शक्यता मोठी आहे, कारण आपल्याकडे कागदी तज्ज्ञावर सर्वाधिक भिस्त असलेल्या खटल्यांत तो मोडतो.

आता जिवंत बाईकडे वळू. तिच्याबद्दल कोर्टात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. एवढा त्रास होता तर माहेरी का नाही गेलीस? गेलीस तर परत का आलीस? तक्रार करायला सहा वर्षे का लागली? पहिल्या जबाबात हे का नाही सांगितलेस? हे प्रश्न विचारण्याचा बचावाला पूर्ण अधिकार आहे. पण त्यांचे उत्तर अनेकदा त्या बाईला देता येत नाही, कारण ती स्वतःच त्या जाळ्यात असते. इथे तज्ज्ञाची खरी जागा आहे.

अमेरिकेत ही जागा मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांच्या कामातून तयार झाली. १९७९ च्या पुस्तकात त्यांनी ताण साचणे, स्फोट, मग पश्चात्ताप आणि गोडवा असे हिंसेचे चक्र मांडले आणि मार खाणाऱ्या स्त्रीच्या मनात घर करणाऱ्या असहायतेला नाव दिले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नवऱ्याला गोळी घालणाऱ्या एका गरोदर स्त्रीच्या खटल्यात वॉकर यांची साक्ष नाकारल्याबद्दल प्रकरण खालच्या न्यायालयाकडे फेरविचाराला पाठवले. अखेर १९८३ मध्ये साक्ष नाकारणेच कायम राहिले. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने केली खटल्यात अशी साक्ष ग्राह्य मानली. कॅनडात १९९० च्या लावाली निकालात न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लिहिलेले विवेचन आजही या विषयावरचे सर्वांत स्पष्ट लेखन आहे. त्यातली आरोपी स्त्री साक्षीच्या पिंजऱ्यात आली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञाने तिच्याकडून ऐकलेल्या गोष्टींवर मत दिले होते. सरकारी पक्षाचा आक्षेप गंभीर होता: शपथेवर नसलेल्या हकिकतीवर मत कसे चालेल? न्यायालयाने उत्तर दिले की मत ग्राह्य आहे, पण त्याचा पाया जितका न्यायालयात सिद्ध झालेला असेल तितकेच त्याला वजन द्यायचे. या उत्तरात दोन्ही बाजूंचा हक्क राखला गेला.

इंग्लंडमध्ये पंजाबी वंशाच्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या अत्याचारानंतर १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवले. खुनाबद्दल जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने प्रकरण हातात घेतले आणि १९९२ च्या अपिलात निष्पन्न झाले की त्यांच्या तीव्र नैराश्याचा वैद्यकीय अहवाल पहिल्या खटल्याच्या वेळीच उपलब्ध होता. तो न्यायालयापुढे ठेवलाच गेला नव्हता. फेरसुनावणीचा आदेश झाला, सदोष मनुष्यवधाचा कबुलीजबाब मान्य झाला आणि भोगलेल्या शिक्षेवर त्या सुटल्या. एक अहवाल वकिलाच्या फायलीत पडून राहणे आणि एका बाईची जन्मठेप, यांत किती कमी अंतर असते!

वॉकर यांच्या सिद्धांतावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. ‘सिंड्रोम’ म्हटले की बाई आजारी ठरते. ती शांत, पुरेशी असहाय दिसली नाही, तिने कधी उलट हात उगारला, तर तज्ज्ञाचाच साचा तिच्याविरुद्ध जातो. १९९६ मध्ये अमेरिकी न्याय आणि आरोग्य खात्यांच्या संयुक्त अहवालाने ही संज्ञा अपुरी ठरवली. कॅलिफोर्नियाने पुढे आपल्या पुरावा कायद्यातून ती काढून ‘जोडीदाराची मारहाण आणि तिचे परिणाम’ अशी शब्दयोजना केली. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या ब्राउन निकालात सरकारी पक्षालाही तज्ज्ञ आणू दिला: पीडिता कोर्टात फिरली तर हिंसेतल्या स्त्रिया जबाब का बदलतात हे तो सर्वसाधारणपणे सांगू शकतो. मर्यादा एकच. ही बाई खरे बोलते की खोटे, हे त्याने सांगायचे नाही.

आपल्याकडे तज्ज्ञाविषयीच्या चर्चेत ही मर्यादा जवळजवळ अनुपस्थित आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. आपल्या ४९८-अच्या खटल्यांत फिर्यादी फितूर होणे ही रोजची गोष्ट आहे. तडजोड झाली, मुलांचा प्रश्न आला, माहेरच्यांनी हात वर केले, की ती ‘मला काही आठवत नाही’ म्हणते. सरकारी वकील तिला फितूर घोषित करतात आणि खटला तिथेच मोडतो. हे का घडते ते सांगणारा अनुभवी माणूस न्यायालयापुढे आला, तर न्यायाधीशाला आधीच्या आणि नंतरच्या जबाबाचे वजन करायला आधार मिळेल. पण त्याने ‘म्हणून पहिला जबाब खरा’ असे म्हटले, तर तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला आणि आरोपीची सुनावणी संपली.

भारतीय न्यायालयांनी या प्रश्नाला हात लावला तो प्रक्षोभाच्या दाराने. मुंबईच्या नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये आरोपीचा प्रक्षोभाचा बचाव फेटाळला, पण जाता जाता एक दार उघडे ठेवले: मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार होते, ती प्रक्षोभ ठरवताना विचारात घेता येते. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, जाचाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या आईच्या खटल्यात त्यातून साचत गेलेल्या प्रक्षोभाचे तत्त्व विकसित केले, आणि पुढे त्याला नल्लतंगाळ या तमिळ लोककथेतल्या आईचे नाव मिळाले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ च्या मंजू लाक्रा प्रकरणात, दारुड्या नवऱ्याच्या हातातलेच लाकूड हिसकावून त्याला मारणाऱ्या स्त्रीचा गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आणला. या निकालांचे मी स्वागत करते. पण त्यांतल्या विवेचनाचा भार परदेशी निकालांवर आणि लेखनावर आहे. आसामच्या चहामळ्यांतल्या किंवा मराठवाड्याच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईचे मन समजून सांगणारा माणूस त्या जागी हवा.

आणि मनाची साक्ष आपल्या न्यायालयांना परकी आहे असेही नाही. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने वरवंट्याने बायकोचा जीव घेतला होता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसोपचाराच्या नोंदी आणि वैद्यकीय साक्ष पाहून त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे मान्य केले आणि वेडाच्या बचावाचा लाभ दिला. निकाल बरोबरच होता. मारणाऱ्या नवऱ्याच्या मनापर्यंत जाणारी वाट न्यायालयाने चालून पाहिली आहे. मार खाणाऱ्या बायकोच्या मनापर्यंत तीच वाट जाते.

दिवाणी बाजूला कायदा खरे तर पुढे आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार संरक्षण कायद्याच्या कलम १५ नुसार दंडाधिकारी कल्याण-तज्ज्ञाचे, शक्यतो स्त्रीचे, साहाय्य घेऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्याचा घरगुती घटना अहवाल आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ मध्ये वैद्यकीय आणि कल्याण-तज्ज्ञांची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राच्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक प्रत्यक्ष बसतात. मात्र ‘साहाय्य’ आणि ‘साक्ष’ यांतली सीमा इथे धूसर आहे. तज्ज्ञ न्यायाधीशाच्या कानात बोलला आणि पक्षकारांना ते कळलेच नाही, तर ते कितीही सद्हेतूने असो, अन्याय्य आहे. समुपदेशनातली गोष्ट गुप्त राहावी हा नियम हवाच, नाहीतर कोण मोकळे बोलेल? पण २०१९ च्या कन्सागरा निकालात मुलाच्या ताब्याच्या प्रश्नावर समुपदेशकाचा अहवाल न्यायालयाने पाहण्याजोगा ठरवला, म्हणजे ही भिंत सर्वत्र सारखी उंच नाही. अहवाल वापरायचा असेल तर त्याची प्रत दोघांनाही द्यावी आणि लिहिणाऱ्याला प्रश्न विचारू द्यावेत, एवढे तरी ठरायला हवे.

नव्या साक्ष्य अधिनियमाने याच ठिकाणी नवे दार उघडले आहे. जुन्या कलमात शास्त्र, कला, परदेशी कायदा अशी तज्ज्ञतेची क्षेत्रे होती. कलम ३९ ने त्यात ‘किंवा अन्य कोणतेही क्षेत्र’ हे शब्द घातले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेले. टाटा समाजविज्ञान संस्थेचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ पासून मुंबई पोलिसांच्या यंत्रणेत काम करतो. तिथल्या समुपदेशक बाईने आयुष्यभर जे पाहिले, तेवढे कुठल्याही विद्यापीठातल्या प्राध्यापकाने पाहिलेले नसते. कलम ३९ खाली ती तज्ज्ञ ठरू शकते, असे माझे मत आहे. पण दार रुंद झाले की भोंदूही आत येतात. अमेरिकेतल्या डॉबर्ट निकालासारखी, शास्त्रीय मताची विश्वासार्हता आधी चाळून घेण्याची कसोटी आपल्या कायद्यात लिहिलेली नाही. जय लाल निकालातली अट, कसोट्या उघड करा, हीच आपली चाळणी. ती समुपदेशकालाही लावायची आणि ‘या बायका खोट्याच तक्रारी करतात’ असे सांगायला येणाऱ्या तथाकथित तज्ज्ञालाही.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि बाकी सगळे त्यावर अडते. १९८५ च्या एका निकालाने अमेरिकेत गरीब आरोपीला, मानसिक स्थिती हा खटल्यातला कळीचा मुद्दा असेल तिथे, सरकारी खर्चाने मानसोपचारतज्ज्ञ मिळण्याचा हक्क दिला. १९९२ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने कान्सासमधल्या एका स्त्रीची शिक्षा रद्द केली ती यासाठीच की, जोडीदाराच्या दहशतीखाली ती गुन्ह्यात ओढली गेली हे दाखवायला तिने मागितलेला तज्ज्ञ न्यायालयाने नाकारला होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी भास्कर प्रकरणात मान्य केले की बचावाचा पुरावा म्हणून हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत घेऊ न देणे म्हणजे निष्पक्ष सुनावणी नाकारणे. तो खटला धनादेशाच्या सहीचा होता. सहीसाठी जो हक्क आहे, तो जन्मठेपेच्या खटल्यात नाही असे कोण म्हणेल?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत विधी सेवा मिळते. उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नवऱ्याला मारणारी बायकोही त्यात आली आणि हुंडाबळीच्या आरोपाखाली तुरुंगात बसलेला नवराही. त्याच कायद्यात विधी सेवेच्या व्याख्येत ‘खटला चालवण्यासाठीची कोणतीही सेवा’ येते. ती फक्त वकिलापुरती नाही. स्वतंत्र न्यायवैद्यक डॉक्टरचे, मानसोपचारतज्ज्ञाचे शुल्क या व्याख्येत बसते, अशी मागणी कुठल्याही जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे लेखी अर्जाने करता येईल, आणि नाकारली गेली तर उच्च न्यायालयात नेता येईल. हा अर्ज विधी सेवेच्या यादीवरच्या एखाद्या वकिलाने येत्या सत्र खटल्यात करावा, आणि तो शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत न पोहोचलेल्या, जिवंत बाईच्या खटल्यात करावा.